नावेवरचा मुका सोबती



आश्विन मासातील नवपदाची ओळी नुकतीच निर्विघ्न पार पडली. नऊ दिवसांची आयंबिले, सिद्धचक्राचे पूजन आणि व्याख्यानात श्रीपाळ-मयणासुंदरीच्या रासाचे श्रवण, हा क्रम ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या आपल्या संघांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ओळी संपली की दिवाळीच्या हिशेबाची आणि त्यापाठोपाठ सुट्टीतील प्रवासाची चर्चा घरोघरी सुरू होते. यंदा अशाच एका चर्चेतून या सदराकडे एक प्रश्न आला आहे. घोडबंदर रस्त्याला राहणाऱ्या एका कुटुंबातील तरुण मंडळींचा बेत असा, की कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की शिडाची नौका भाड्याने घ्यावी, एखाद्या बेटावरच्या गावी समुद्रमार्गे जावे, आठ-दहा दिवस नौकेतच मुक्काम करावा आणि घरातील कुत्र्यालाही सोबत न्यावे. वडीलधाऱ्यांच्या मनात दोन शंका आहेत. श्रावकाने असा समुद्रप्रवास करावा काय? आणि त्यात मुक्या जीवाला न्यावे काय?

पहिल्या शंकेचे समाधान सोपे आहे. दुसरी शंका मात्र खोलवर विचार करण्याजोगी आहे, म्हणून या महिन्याचे सदर तिलाच वाहिले आहे.

ठाणे हे स्वतःच बेटावरचे शहर आहे, याचे भान आपल्याला क्वचितच असते. साष्टी बेटाच्या ईशान्य टोकाला ते वसले आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि उत्तरेला उल्हास नदीचे वसईच्या खाडीकडे जाणारे पात्र. १८५४ साली खाडीवरून कल्याणकडे जाणारा रेल्वेपूल खुला झाला आणि हळूहळू आपण पाण्याने वेढलेले आहोत हेच आपल्या विस्मृतीत गेले. त्यापूर्वीची शतके मात्र बंदरांची होती. उल्हासच्या काठचे कल्याण पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात बंदर म्हणून नोंदले आहे, आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आजही कान्हेरीच्या लेण्यांत वाचता येतात. समुद्र हा या भूमीतील वणिकांना परका कधीच नव्हता.

आपल्या आगमांनाही तो परका नाही. ज्ञाताधर्मकथेत चंपानगरीचा अर्हन्नक हा श्रावक लवणसमुद्रातून व्यापारास निघतो. पिशाचरूप घेतलेला देव नौका बुडविण्याचे भय घालतो, तरी तो धर्मापासून ढळत नाही. कथेत त्याची प्रशंसा आहे ती श्रद्धेच्या दृढतेबद्दल. तो समुद्रावर गेला म्हणून त्याला दोष कोठेही दिलेला नाही. श्रावकाला बंधन आहे ते दिग्परिमाण व्रताचे. कोणत्या दिशेला किती दूर जाईन, याची मर्यादा ज्याने घेतली असेल, त्याने नौकेचा मार्ग आधी त्या मर्यादेशी ताडून पाहावा. समुद्रावर वारा फिरला की मार्गही फिरतो. म्हणून मर्यादेच्या अगदी काठावरचा बेत करू नये. एवढे पाळले तर पहिली शंका मिटते.

आता दुसरी. तिचे उत्तर शोधताना प्रथम आपल्याच गावाशी जोडलेल्या कथेकडे वळू.

टेंभी नाक्याजवळील श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय ‘कोंकण शत्रुंजय’ या नावाने सर्वांना परिचित आहे आणि श्रीपाळ राजाच्या कथेशी त्याचे नाते सांगितले जाते. रत्नशेखरसूरींच्या प्राकृत ‘सिरिवालकहा’मध्ये, आणि विक्रम संवत १७३८ मध्ये रांदेर येथे विनयविजयजींनी आरंभलेल्या व यशोविजयजींनी पूर्ण केलेल्या रासात, ही कथा आपण ऐकतो. श्रीपाळ भरूचला धवल शेठच्या तांड्यात भाडे ठरवून नावेवर चढला. पुढे त्याचे वैभव पाहून धवल शेठच्या मनात मत्सर जागा झाला आणि भर समुद्रात त्याने श्रीपाळाला कपटाने पाण्यात लोटले. नवपदाचे स्मरण करीत पडलेल्या श्रीपाळाला एका मगरमत्स्याने पाठीवर घेतले आणि कोकणच्या किनाऱ्यावर, ठाणे बंदरी, सुखरूप आणून सोडले. चाफ्याच्या झाडाखाली निजलेल्या त्या परदेशी तरुणाला येथील राजाने सन्मानाने आपल्या घरी नेले.

ही कथा ऐकताना आपले लक्ष श्रीपाळाच्या पुण्याकडे जाते आणि ते योग्यच आहे. परंतु प्रस्तुत प्रश्नासाठी तिच्यातील दुसरी बाजू पाहावी. नावेवर चढलेल्या माणसाला त्या घटकेपासून दुसरा आसरा उरत नाही. जमिनीवर भांडण झाले तर माणूस उठून जाऊ शकतो. नावेवरून कोठे जाणार? धवल शेठचा अपराध एवढा घोर ठरतो तो यामुळेच. आपल्या आसऱ्याला आलेल्याला त्याने पाण्यात लोटले. आणि ज्याच्याकडून कोणी अपेक्षाही करणार नाही, त्या जलचर तिर्यंचाने आपली पाठ त्याला किनाऱ्यासारखी दिली. शेठने जे करायला हवे होते, ते मगरमत्स्याने केले.

श्री मुनिसुव्रतस्वामींच्याच तीर्थाची आणखी एक कथा येथे आठवते. भरूचला पारध्याच्या बाणाने घायाळ झालेली एक समळी तडफडत असता मुनींनी तिला नवकार ऐकविला. ती मरून सिंहलद्वीपाच्या राजाची कन्या सुदर्शना झाली. राजसभेत आलेल्या भरूचच्या एका व्यापाऱ्याला मसाल्याच्या उग्र वासाने शिंक आली, त्याच्या मुखातून अरिहंतांना नमस्कार निघाला आणि ते शब्द ऐकून राजकन्येला पूर्वभव आठवला. ती बेटावरून जहाजांचा ताफा घेऊन भरूचला आली आणि तेथील जिनालयाचा तिने उद्धार केला. अबूच्या लूणवसहीत या तीर्थाचा शिल्पपट आहे. त्यात समुद्र आणि जहाज कोरलेले आहे. दिगंबर परंपरेतील जीवंधरचरित्रात तर साक्षात कुत्राच आहे. मार खाऊन मरणाच्या दारी पडलेल्या कुत्र्याला जीवंधरकुमार पंचनमस्कार ऐकवितो. तो कुत्रा यक्ष होतो आणि पुढे जीवंधरावर प्राणसंकट येते तेव्हा त्याला वाचवितो.

या कथांचा रोख एकच आहे. पशूच्या देहातील जीव आपल्याच वाटेवरचा प्रवासी आहे. आपण ‘घरातला कुत्रा’ म्हणतो तेव्हा बोलण्याच्या ओघात तो घरातील वस्तूंच्या यादीत जाऊन बसतो आणि मग प्रवासाच्या सामानात त्याचीही गणना होऊ लागते. वास्तविक प्रवासाला येणाऱ्यांपैकी तोच एक असा असतो, ज्याला कोठे जायचे, किती दिवस जायचे, हे कोणी विचारलेले नसते.

मग त्याला विचारावे कसे? त्याच्या वतीने विचारण्यासाठी पाच प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी तयार करून ठेवले आहेत. पहिल्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार प्रतिक्रमणात आपण नित्य आलोचतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. हे पाचही मुख्यतः आपल्या आश्रयाला असलेल्या पशूंच्या आणि सेवकांच्या संदर्भात सांगितले आहेत. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम उघडले तर तेथेही मारणे, अति ओझे लादणे, अवाजवी काळ बांधून ठेवणे, अन्नपाणी न देणे, अवयव छाटणे हे गुन्हे जवळजवळ याच क्रमाने भेटतात आणि त्यांत आणखी एक भर आहे: पाळलेल्या प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणे. हे पाच प्रश्न आता नौकेवर नेऊन पाहू.

पहिला बंध. शिडाच्या नौकेवर कुत्र्याला मोकळे सोडता येत नाही, कारण वाऱ्याच्या झोताने नौका एका अंगाला कलते आणि पाण्यात पडलेल्या कुत्र्याला नौकेच्या उभ्या, गुळगुळीत अंगावरून पुन्हा वर चढता येत नाही. म्हणून पाठीवर धरण्याची मूठ असलेले लाइफ जॅकेट आणि आखूड दोरी आवश्यक होते. परंतु हीच दोरी चोवीस तास राहिली तर तो बंध झाला. त्यात आणखी एक अदृश्य बंध असतो. घर अस्वच्छ करायचे नाही, हे शिकलेला कुत्रा नौकेलाही घर समजतो आणि मलमूत्र कित्येक तास रोखून धरतो. त्याच्या ओळखीच्या वासाच्या चटईवर हा विधी करण्याची सवय घरीच, प्रवासापूर्वी काही आठवडे लावावी लागते. ती लागली नसेल तर त्याला नेऊ नये.

दुसरा वध, म्हणजे ताडन. समुद्र खवळला, शीड फडफडू लागले, खलाशी दोरखंडांकडे धावले, की पायांत येणाऱ्या प्राण्यावर हात उगारला जातो. तो भेदरलेला असतो आणि आपणही. भीतीच्या क्षणी कुटुंबातील एका व्यक्तीने फक्त त्याच्यापाशी बसायचे, हे किनाऱ्यावरच ठरले पाहिजे.

तिसरा छविच्छेद. शब्दशः तो त्वचेचा किंवा अवयवाचा छेद होय. शोभेसाठी शेपूट व कान छाटण्याची रीत त्यात सरळ मोडते. नौकेवर त्वचेला इजा होते ती तापलेल्या डेकने आणि मिठाने. आपण अनवाणी ज्या फळीवर उभे राहू शकत नाही, तेथे त्याचे पंजेही भाजतात. खाऱ्या पाण्याने भिजलेले अंग गोड्या पाण्याने धुतले नाही तर कातडी सोलवटते.

चौथा अतिभार. ओझे केवळ पाठीवरच लादले जाते असे नाही. सहनशक्तीवर लादलेले ओझेही ओझेच. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरील ओलाव्याच्या वाफेतून शरीराची उष्णता बाहेर टाकतो. कोकणच्या दमट हवेत ही वाफ नीट होत नाही. त्याचे नेहमीचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या पुढे गेले तर जिवावर बेतते. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या जातींना तर श्वासच अपुरा पडतो. अशा जातीचा, पिल्लू वयाचा, वृद्ध किंवा हृदयविकाराचा कुत्रा उष्ण प्रदेशातील समुद्रप्रवासास नेणे हा अतिभारच समजावा.

पाचवा भक्तपानविच्छेद, म्हणजे अन्नपाण्यात खंड. कुत्र्याला दिवसाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. वीस किलोच्या कुत्र्याला एक ते सव्वा लिटर, उन्हात त्याहून अधिक. दहा दिवसांच्या प्रवासाला किमान पंधरा-वीस लिटर गोडे पाणी केवळ त्याच्या नावे वेगळे ठेवावे. तहानेने तो समुद्राचे पाणी प्याला तर रक्तातील क्षार वाढून प्राण संकटात येतो. आपल्या प्रवासी डब्यांबाबतही सावध राहावे. मनुके, द्राक्षे आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषासमान आहेत. कांदा-लसूणही तसाच, जरी तो आपल्या अनेक घरांत नसतोच. सुक्या मेव्याची डबी उघडी राहिली आणि मनुके त्याच्या पोटात गेले, तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि भर समुद्रात पशुवैद्य मिळत नाही. घरी शाकाहारावर वाढलेल्या कुत्र्याचा संतुलित आहार पशुवैद्याला विचारून ठरवावा आणि तोच आहार पूर्ण दिवसांचा, वर काही दिवसांचा राखीव, सोबत घ्यावा. मासे मिळतीलच, हा खलाशांचा हिशेब आपला नसतो. भाड्याच्या नौकेच्या मागे गळ टाकला जाणार नाही, हेही तांडेलाशी आधीच बोलून घ्यावे.

पाण्याचा हा हिशेब कागदावरचा वाटत असेल, तर २०२३ सालची एक घटना पाहा. सिडनीचा एक माणूस बेला नावाच्या आपल्या कुत्रीसह मेक्सिकोतील ला पाझ येथून दोन सांगाड्यांच्या शिडाच्या नौकेतून प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाच्या बेटांकडे निघाला. काही आठवड्यांनी वादळाने नौकेवरील विद्युत उपकरणे आणि स्वयंपाकाची सोय नष्ट केली. त्यानंतर पावसाचे पाणी आणि कच्चे मासे यांवर दोघे तगून राहिले. अखेर जुलैमध्ये, किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटरवर, ट्यूना पकडणाऱ्या एका जहाजाच्या हेलिकॉप्टरला ते दिसले आणि दोघांची सुटका झाली. त्या माणसाने प्रवासापूर्वी बेलासाठी किनाऱ्यावर घर शोधण्याचा तीन वेळा प्रयत्न केला होता. तीच त्याच्या मागे पाण्याकडे येत राहिली. सुटकेनंतर त्याने तिला जहाजावरील एका खलाशाच्या हाती सोपविले.

या घटनेकडे साहस म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. आपण तिच्याकडे दोन बाजूंनी पाहावे. संकटात त्या माणसाने आपल्या वाट्याच्या पाण्यात बेलाला वाटेकरी केले, ही त्याची करुणा आदरणीय आहे. परंतु व्रतस्थ श्रावकावर तीच वेळ आली असती तर? स्वतः अन्नत्याग करून तो राहिला असता. कुत्र्याला मात्र पच्चक्खाण देता येत नाही. एकीकडे त्याची उपासमार आणि दुसरीकडे त्याच्यासाठी जलचरांची हिंसा, अशा पेचात आपण स्वतःहून पडलो असतो. शास्त्रकार अतिचार टाळायला सांगतात ते अशी वेळच येऊ नये म्हणून. वेळ आल्यावर दाखविलेले धैर्य मोठे असते. ती वेळ येऊ न देण्याचा विवेक त्याहून हिताचा असतो.

बेटावर पोहोचल्यानंतरचा प्रश्नही उरतोच. आपल्या पश्चिम समुद्रातील सर्वांत मोहक बेटे म्हणजे लक्षद्वीप. ती रेबीजमुक्त आहेत आणि तेथे कुत्रा नेण्यास परवानगी नाही. अनेक देशांतील बेटांवर कुत्र्याला लसीकरणाची कागदपत्रे असूनही विलगीकरणात ठेवावे लागते. म्हणजे ज्याच्या सोबतीसाठी त्याला नेले, त्याच्यापासूनच तो दुरावतो. शिवाय किनारा रिकामा नसतो. मंडणगड तालुक्यातील वेळासच्या वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात आणि गावकरी ती घरटी कुत्र्या-कोल्ह्यांपासून जपतात. आपला लाडका वाळू उकरू लागला की तो खेळ नसतो. त्याच्यावर प्रेम करताना त्याच्या पंजाखालील जिवांचेही उत्तरदायित्व आपलेच.

या सर्वांवरून या सदराचे मत असे आहे. खाडीतील किंवा बंदरातील दोन-चार तासांचा नौकाविहार, सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात, पाणी, सावली आणि लाइफ जॅकेट यांच्यासह, निरोगी आणि सवयीच्या कुत्र्यासाठी आनंदाचा ठरू शकतो. त्यात तो मजेत आहे की लाळ गाळीत, थरथरत कोपरा धरून बसला आहे, हे पाहावे. त्याचे उत्तर तो तसेच देतो. आठ-दहा दिवसांचा खुल्या समुद्रावरील प्रवास मात्र वरील पाचही प्रश्नांना मनापासून ‘नाही, असा दोष होणार नाही’ हे उत्तर मिळाल्याशिवाय करू नये. बहुतेक घरांना ते उत्तर देता येणार नाही, आणि तसे प्रांजळपणे मान्य करण्यात कमीपणा नाही.

मग त्याला ठेवावे कोठे? पैसे भरून कोठेतरी ठेवणे हा शेवटचा पर्याय असावा. आपल्या एकत्र कुटुंबांत काका-काकू, आत्या, शेजारचे आजोबा असे ज्याच्या पायाशी तो स्वतःहून जाऊन बसतो, असे कोणीतरी असते. त्याला त्याच्याच घरात, त्याच्याच चटईवर, त्या माणसाच्या सोबतीने राहू द्यावे. असे कोणीच नसेल तर यंदाचा बेत पुढे ढकलावा, किंवा कुटुंबातील एकाने मागे राहावे. मागे राहणाऱ्याचे पुण्य प्रवासाला जाणाऱ्यांपेक्षा कमी नाही. आणि कोणत्याही कारणाने, कोणत्याही किनाऱ्यावर, ‘कोणीतरी सांभाळेल’ म्हणून त्याला सोडून येण्याचा विचार मनात डोकावला, तर धवल शेठची आठवण करावी.

दिवाळीच्या वहीपूजनाला आपण जमाखर्च जुळवितो. ज्याच्याकडून घेतले त्याचे देणे मांडतो, कारण तो मागायला येणार असतो. मुका जीव मागायला येत नाही; त्याने दिलेली रात्रीची राखण, दारातले स्वागत आणि मुलांना लावलेला लळा कोणत्याच वहीत चढत नाही. ते देणे फेडण्याचा मार्ग एवढाच, की आपल्या सुखाच्या बेतात त्याच्या वाट्याला दुःख येणार नाही, हे आपण त्याच्या वतीने पाहावे. नौकेवर असो वा घरी, त्याला आपल्याशिवाय दुसरा किनारा नाही.

सर्व वाचक कुटुंबांना दीपावली आणि वीर निर्वाण कल्याणकाच्या मंगल शुभेच्छा. जय जिनेंद्र.